कंत्राटावरून कंपनीच्या रोलवर: आपल्याच कारखान्यातली मुलाखत

टाइम ऑफिसच्या बोर्डावर कागद लागतो: सीएनसी ऑपरेटर, तीन जागा, आयटीआय किंवा डिप्लोमा, अर्ज एचआरकडे. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत असा कागद लागला की कंत्राटावरच्या पोरांत दोनच बोलणी सुरू होतात. "आपलं काम सगळ्यांनी बघितलंय, मुलाखत नावापुरती," हे एक. "नावं आधीच ठरलीत," हे दुसरं. यातलं कुठलंही धरून बसलात की तयारी राहून जाते. समोर बसलेल्या तिघांपैकी बहुधा एकालाच तुमचं काम माहीत असतं, आणि गुणांचा तक्ता भरताना त्यालाही तुम्ही त्या वेळी जे बोललात तेच लिहिता येतं. बाहेरून आलेला उमेदवार आपलं काम पहिल्यापासून सांगतो. आतला माणूस "सर, तुम्हाला माहितीच आहे" म्हणतो आणि त्याचा रकाना कोरा राहतो.

अर्ज करण्याआधी

पहिल्यांदा जागा नेमकी कसली आहे ते विचारा. 'ऑन रोल' म्हणजे 'पर्मनंट' असं सगळे धरून चालतात, पण रोलवर, म्हणजे थेट कंपनीच्या पटावर, घेण्याचे तीन प्रकार असतात. ट्रेनी म्हणून घेतात, तिथे वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा असते. फिक्स्ड टर्मवर घेतात, म्हणजे पगारपत्रक कंपनीचं, पण पत्रावर शेवटची तारीख छापलेली असते आणि त्या तारखेला नोकरी आपोआप संपते. तिसरा प्रकार खरा कायम: आधी प्रोबेशन, म्हणजे चाचणीचा काळ, मग कायम केल्याचं, कन्फर्मेशनचं पत्र. एचआरला सरळ विचारा, "सर, पत्रावर शेवटची तारीख असणार का?" या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही.

दुसरं, ठेकेदाराच्या माणसांना अर्ज करता येतो का आणि ठेकेदाराची ना-हरकत लागते का, हे बघा. कागदोपत्री तुमचा मालक ठेकेदार आहे, कंपनी नाही. त्यामुळे अनुभवाचा दाखलाही ठेकेदाराच्या लेटरहेडवरच मिळणार. त्यावर 'हेल्पर' लिहिलेलं असेल आणि तुम्ही तीन वर्षं मशीन चालवत असाल, तर पद दुरुस्त करून मागा. ठेकेदार नाही म्हणाला तर विभागाच्या साहेबांकडून ट्रेनिंग रेकॉर्डची किंवा स्किल मॅट्रिक्सची सही असलेली प्रत मिळते का ते बघा. ऑडिटसाठी कंपनीने ती ठेवलेलीच असते, आणि कुठल्या मशीनवर तुम्ही कुठल्या लेव्हलला आहात हे त्यात स्पष्ट असतं.

तिसरं, नाव. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जॉइनिंग अडकतं ते इथेच. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. पीएफला 'रामचंद्र'चं 'रामचंद' झालेलं. लग्न झालेल्या बायकांच्या कागदांवर तर दोन आडनावं असतातच. आधार, पॅन, बँक पासबुक, दहावीची मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) हे सहाही समोर ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघा. पीएफमधली चूक जॉइंट डिक्लरेशनने, म्हणजे कामगार आणि मालकाच्या मिळून केलेल्या अर्जाने, दुरुस्त होते. त्यावर सध्याच्या मालकाची, म्हणजे ठेकेदाराचीच मान्यता लागू शकते, म्हणून हे काम त्याच्याकडे असतानाच उरका. सोडून गेल्यावर तो फोन उचलेलच असं नाही.

आणि कुणी "एवढे दिले की नाव लागतं" म्हणत आला तर एक रुपयाही देऊ नका, मग तो ठेकेदाराचा मुकादम असो की गावातला पुढारी. या पैशाला पावती नसते. तुमची निवड तुमच्या कामावर झाली तरी श्रेय तोच घेतो, आणि नाही झाली तर पैसे परत मागायला तोंड राहत नाही.

कामाची वही

तयारीतला मोठा भाग हाच. मुलाखतीच्या निदान महिनाभर आधी एक शंभरपानी वही करा. कंपनीचे कागद, ड्रॉइंगचे फोटो, गिऱ्हाइकाचं किंवा पार्टचं नाव यातलं काहीही तिच्यात येऊ देऊ नका. पकडलं गेलं तर मुलाखत राहिली बाजूला, गेटपासच काढून घेतील. वहीत फक्त तुमच्या कामाचे आकडे आणि ते कसे आले याची कारणं.

आकडे काढायचे कसे? समजा तुमच्या मशीनचा सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, ३ मिनिटं २० सेकंद आहे, म्हणजे २०० सेकंद. आठ तासांची शिफ्ट ४८० मिनिटांची. जेवणाची ३० आणि दोन चहाची २० वजा केली की ४३० मिनिटं, म्हणजे २५,८०० सेकंद उरतात. २०० ने भागलं की १२९ पीस. २६ दिवसांत ३,३५४. रिजेक्शन १.८ टक्के असेल तर महिन्याला ६० पीस भंगारात जातात, ०.६ टक्के असेल तर २०. "रिजेक्शन कमी केलं" असं सांगणारे पाच जण येतात. "साठावरून विसावर आलं, महिन्याला चाळीस पीस वाचले" असं सांगितलं की समोरचा पेन उचलतो.

त्याच्या पुढचा प्रश्न ठरलेला: कसं कमी केलं? इथे नुसता आकडा पाठ करून आलेला उघडा पडतो. एक उदाहरण जवळून बघू.

टर्निंगला, म्हणजे लेथवर, ४२ एच७ चा बोअर (आतलं गोल भोक) आहे. म्हणजे ४२.००० ते ४२.०२५ मिमी, एकूण २५ मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). पीस मशीनवरून काढल्या-काढल्या मोजला की ओके दाखवतो, आणि दोन तासांनी क्वालिटीच्या टेबलावर तोच अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान, निघतो. ऑपरेटर म्हणतो गेज चुकीचा, इन्स्पेक्टर म्हणतो ऑपरेटर चुकीचा. खरं कारण उष्णता असू शकतं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं. ४२ मिमीचा व्यास, पीस खोलीपेक्षा २० अंश गरम, तर फरक जवळजवळ १० मायक्रॉनचा पडतो. २५ पैकी १० नुसत्या गरमपणातच गेले. त्यात इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजत चालला की बोअर आणखी लहान येतो, आणि ऑपरेटर गरम पीसच्या मापावर ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) देत असतो, म्हणजे मुळात चुकीच्या आकड्यावर.

उपाय साधा आहे: पीस खोलीच्या तापमानाला आल्यावर मोजायचा, ऑफसेट त्या २५ मायक्रॉनच्या मधल्या मापावर धरायचा, खालच्या कडेवर नाही, आणि इन्सर्ट किती पीसला बदलायचा तो आकडा मशीनवर लिहून ठेवायचा. मुलाखतीत हे याच क्रमाने सांगा: काय बिघडत होतं, कारण कसं शोधलं, काय बदललं, आकडा कुठून कुठे आला. दोन मिनिटांत बसतं. अशी तीन उदाहरणं वहीत हवीत: एक क्वालिटीचं, एक उत्पादनाचं किंवा सेटिंगच्या वेळेचं, एक सेफ्टीचं.

तुम्ही स्टोअरला, पॅकिंगला, लॅबला किंवा ऑफिसात असाल तरी रीत हीच. स्टोअरवाल्याने स्टॉक मोजणीतला फरक, माल शोधायला लागणारा वेळ, आधी आलेला माल आधी बाहेर जातो का हे लिहावं. अकाउंट्सला असाल तर महिन्याला किती बिलं चढवता, किती परत येतात, कुठल्या कारणाने येतात.

वहीत शेवटी हजेरीचं पान ठेवा. गेल्या बारा महिन्यांतले खाडे मोजा आणि कारण लिहा. आपल्याकडे गावची यात्रा, ऊसतोड, पेरणी, लग्नसराई यांत हजेरी कोसळते आणि व्यवस्थापनाच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं असतं. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाव पाण्यात होतं म्हणून दिवस गेले असतील तर तसं सांगता येतं. "घरगुती अडचण" असं बारा वेळा लिहिलेलं मात्र सांगता येत नाही.

मुलाखतीच्या खोलीत

तारीख कळली की त्या आठवड्याची शिफ्ट बघा. थर्ड शिफ्ट करून लाल डोळ्यांनी तसंच मुलाखतीला बसणारे दरवेळी असतात. सुपरवायझरशी बोलून आदल्या दिवशी फर्स्ट किंवा जनरल मागून घ्या. कपडे साधे आणि स्वच्छ असले की झालं. कामावरूनच जायचं असेल तर युनिफॉर्म धुतलेला आणि हाताला कूलंटचा वास नको.

लाइनवर ज्यांना आपण 'आण्णा' किंवा 'बापू' म्हणतो ते समोर बसले असले तरी त्या खोलीत त्यांना 'सर' म्हणा. ते ओळखीचं हसले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. बाकीच्या दोघांसमोर त्यांना तसंच बसावं लागतं.

सुरुवात बहुधा "स्वतःबद्दल सांगा" इथूनच होते. आई-वडील काय करतात, भाऊ किती, इथून सुरू करू नका. शिक्षण एका वाक्यात, या कारखान्यात कधीपासून आणि कुठल्या मशीनवर एका वाक्यात, मग थेट वहीतलं पहिलं उदाहरण. एचआरने इंग्रजीत सुरुवात केली तर नाव, शिक्षण, अनुभव ही तीन-चार वाक्यं इंग्रजीत बोलायची सवय करून ठेवा, आणि पुढे "सर, कामाचं मराठीत नीट सांगतो" म्हणा. शॉप फ्लोअरच्या जागेला हे चालतं. अडखळत इंग्रजीत बोलून चांगलं उदाहरण वाया घालवण्यापेक्षा बरंच.

तांत्रिक प्रश्न अवघड नसतात, पण आतल्या माणसाला ते अपमानासारखे वाटतात. "रोज हेच करतो आणि मलाच विचारतात?" तसा चेहरा करू नका. उदाहरणार्थ, "एच७ चा बोअर व्हर्नियरने का मोजत नाही?" उत्तर: साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन, आणि सगळी सूटच २५ ची. मापकाचीच पायरी जवळजवळ त्या २५ एवढी असेल तर माप विश्वासाचं नाही, म्हणून बोअर गेज किंवा प्लग गेज. हातात रोज बोअर गेज असतो, पण 'का' हे कधी तोंडाने बोललेलं नसतं. म्हणून घरी कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने सांगून बघा. ज्याला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही असा माणूस असेल तर उत्तम.

पुढचे प्रश्न कंत्राटावरून आलेल्यालाच विचारले जातात.

"इतकी वर्षं कंत्राटावर का राहिलात?" याचा रोख तुम्ही ठेकेदाराला किंवा कंपनीला शिव्या घालता का, तिकडे असतो. जागा निघाली नव्हती, त्या काळात अमुक मशीन शिकलो, एवढं पुरे.

"पर्मनंट झाल्यावर माणूस ढिला पडतो, तुमचं काय?" या प्रश्नाला शपथा घेऊ नका. हजेरीचं पान आणि गेल्या वर्षाचे आकडे सांगा. व्यवस्थापनाची ही भीती खोटी नाही. कन्फर्मेशनचं पत्र मिळाल्यावर खाडे वाढतात, हे त्यांनी बघितलेलं असतं.

"तुमच्या विभागात काय चुकतंय?" हा सापळा आहे. तुमचा सुपरवायझर शेजारीच बसलेला असतो. "काही नाही, सगळं छान" म्हटलं की माणसाला नजर नाही असा अर्थ निघतो, आणि गाऱ्हाणं सुरू केलं की संपलं. एक अडचण निवडा जी माणसाची नसून पद्धतीची आहे: शिफ्ट बदलताना टूलच्या ऑफसेटची नोंद पुढच्याला मिळत नाही, म्हणून पहिले पाच-सहा पीस वाया जातात. लगेच उपायही जोडा: मशीनला टांगलेला एक कागद, त्यावर टूल नंबर, शेवटचा ऑफसेट, किती पीस झाले.

"तुमच्या लाइनवरच्या दुसऱ्यानेही अर्ज केलाय, त्याच्यापेक्षा तुम्हाला का घ्यावं?" त्याचं नाव तोंडात घेऊ नका. जे बोलाल ते चहाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या कानावर गेलेलं असतं, आणि उद्या सकाळी त्याच्याच शेजारच्या मशीनवर उभं राहायचं असतं.

बदलीबद्दल विचारतात: पुण्याच्या किंवा शिरवळच्या प्लँटला जाल का? आई-वडील, शेती, घराचा हप्ता यांचा घरात बसून विचार करून जा. मुलाखतीत हो म्हणून पत्र आल्यावर नाही म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत.

पगार: आकडा ऐकून हुरळू नका

मुलाखतीत वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, सांगतात. समजा तीन लाख, म्हणजे महिन्याला २५,०००. कंत्राटावर १८,००० वर असलेल्याला हे सात हजारांची वाढ वाटते. आता फोड करू.

२५,००० मध्ये बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,५०० धरा. नव्या श्रम संहितांमध्ये बेसिक आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्मे असावेत असा रोख आहे, म्हणून हा आकडा वास्तवाला धरून आहे. कंपनीचा पीएफ हिस्सा १२ टक्के, १,५००. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण ६०१. हे दोन्ही सीटीसीत धरलेले असतात पण हातात येत नाहीत. उरला ग्रॉस, म्हणजे कटिंगआधीचा पगार, २२,८९९. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,१९९. कँटीन आणि बसचं कटिंग याच्या पुढे.

आता कंत्राटाचे १८,०००, त्यात बेसिक १२,०००. महिन्याला ३० तास ओटी (जादा काम) कायद्याप्रमाणे दुप्पट दराने: १८,००० भागिले २६ भागिले ८ म्हणजे तासाला ८६.५, दुप्पट १७३, तीस तासांचे ५,१९२. एकूण २३,१९२. पीएफ १,४४०, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्क्यांनी १७४, व्यवसाय कर २०० वजा जाता हातात २१,३७८. म्हणजे पर्मनंट होऊन ओटी बंद झाला तर पहिल्या महिन्यात १७९ रुपये कमीच येतील.

याचा अर्थ नोकरी नाकारा असा मुळीच नाही. पीएफमध्ये जास्त पडतं, वार्षिक वाढ असते, भरपगारी रजा असते, ग्रॅच्युइटी असते. पण घरी "सात हजार वाढले" असं सांगून मोटरसायकलचा हप्ता चालू करण्याआधी ही बेरीज-वजाबाकी करा, आणि एचआरला विचारा: ओटी राहणार का, बोनस सीटीसीत धरलाय का, शिफ्ट भत्ता किती, कँटीन आणि बसला किती कापतात.

ईएसआयचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ओटी सोडून पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय लागू होत नाही, त्याऐवजी कंपनीचा मेडिक्लेम असतो. ईएसआयमध्ये अवलंबून असलेले आई-वडील बसतात; मेडिक्लेममध्ये बऱ्याचदा फक्त बायको-मुलं. घरी कुणाचं डायलिसिस किंवा बीपी-शुगरचं औषध ईएसआयवर चालू असेल तर आधी हे विचारा, पगाराचं नंतर.

किती अपेक्षा आहे असं विचारलं तर तुमच्यासारख्या मशीनवर रोलवर असलेल्यांना काय मिळतं, ते आधीच माहीत करून घेतलेलं असावं. आतल्या माणसाला हा एक फायदा आहेच. आकडा सांगताना मात्र "अमक्याला एवढे आहेत" असं म्हणू नका. "या ग्रेडला जे असेल त्याच्या मध्यावर धरावं, मला शिकवायला वेळ लागणार नाही" हे पटण्यासारखं आहे.

सरकारी कंत्राटावर असाल तर

जिल्हा परिषद, महापालिका, सरकारी दवाखाना इथलं गणित वेगळं. कितीही वर्षं झाली तरी नुसत्या सेवेवरून कायम होण्याचा हक्क तयार होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी खटल्यात सांगितलं आहे. जाहिरात, पात्रता आणि निवड यातून जावंच लागतं. अनुभवाचे गुण किंवा वयात सवलत आहे का, ते जाहिरातीतच बघा आणि सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला तारखांसह आधीच काढून ठेवा. साहेबांची बदली झाल्यावर जुन्या कामाचा दाखला मिळवणं म्हणजे हेलपाटे.

निकालानंतर

नाव लागलं नाही तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर जा. दोन-तीन दिवसांनी एचआरला एकच प्रश्न विचारा: "सर, कुठे कमी पडलो, पुढच्या वेळी काय करून येऊ?" मशीनचं ज्ञान, शिक्षण की हजेरी, एवढं कळलं तरी पुरे. वही चालू ठेवा. तीच वही घेऊन पलूस, इस्लामपूर (आता ईश्वरपूर) किंवा शेजारच्या शेडमध्येही जाता येतं.

नाव लागलं तर मेडिकल असतं: डोळे, रंगांधळेपणा, कान, बीपी. चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. नेमणुकीचं पत्र हातात पडल्याशिवाय ठेकेदाराकडे राजीनामा देऊ नका. तोंडी "सोमवारपासून ये" यावर अजिबात नको. पत्रावर पद, ग्रेड, प्रोबेशनचा काळ, नोटीस पिरियड आणि शेवटची तारीख आहे की नाही, एवढं वाचा. कंत्राटाची जुनी वर्षं कंपनी सेवेत धरते का, हेही विचारा. बहुतेक वेळा धरत नाहीत, आणि ग्रॅच्युइटीची वर्षं नव्याने मोजायला लागतात. ठेकेदाराकडे पाच वर्षं सलग भरली असतील तर ती ग्रॅच्युइटी त्याच्याकडेच मागायची: शेवटच्या बेसिकला २६ ने भागून १५ ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं. १२,००० बेसिक आणि पाच वर्षं म्हणजे ३४,६१५ रुपये. 'किरकोळ' म्हणून सोडण्यासारखे नाहीत.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन तोच राहतो, फक्त मेंबर आयडी नवा पडतो. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनला जातात आणि पेन्शनसाठी एकूण दहा वर्षं लागतात; पैसे काढून घेतले की आधीची वर्षं त्यातून जातात. जॉइनिंगच्या वेळी जुना यूएएनच द्या, नवीन काढू देऊ नका. मग पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडून ठेकेदाराने 'डेट ऑफ एक्झिट' भरली का ते बघा. ती नसेल तर ट्रान्सफर पुढे सरकत नाही. शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती तारीख तुम्हाला स्वतः भरता येते. भरताना ती नव्या जॉइनिंगच्या आधीची असावी. एक दिवस जरी दोन्हीकडे पडला तरी २०२५ पर्यंत अर्ज परत यायचा.